विश्लेषण : टँगोमध्ये ‘फॉलोअर’ फक्त सोबत जाते का?

टँगो म्हटले की एक ठरलेले चित्र समोर येते. काळा सूट घातलेला पुरुष, त्याच्या हातावर पाठीमागे रेललेली स्त्री आणि तिच्या तोंडात लाल गुलाब. तो नेईल तिकडे ती जाणार. चित्रपट आणि जाहिरातींनी हे चित्र पक्के करून ठेवले आहे. प्रत्यक्षात अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात रात्री उशिरापर्यंत सामान्य माणसे जो टँगो नाचतात, त्यात गुलाब नसतो आणि पावलेही आधी ठरलेली नसतात. पावले ठरलेली नसतात म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. जोडीतला एक जण पुढे काय करायचे ते सुचवणार असेल, तर दुसऱ्याने करायचे तरी काय? टँगो शिकणाऱ्या निम्म्या लोकांसाठी हा प्रश्न अगदी रोजचा आहे. कारण ‘स्वतःहून काही करायचे नाही, फक्त सोबत जायचे’ हाच धडा त्यांच्यापैकी अनेकांना पहिल्या दिवशी मिळतो. हा धडा अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा भाग सहसा कोणी समजावून सांगत नाही.

लीडर कोण, फॉलोअर कोण?

रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाजवळची ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ ही दोन बंदरे म्हणजे टँगोचे जन्मस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे लोक आणि स्थानिक गोरगरीब यांच्या वस्त्यांत हे नृत्य घडले. २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी संयुक्तपणे केलेल्या प्रस्तावानुसार युनेस्कोने टँगोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

रंगमंचावरचा टँगो आणि नृत्यगृहातला टँगो यांत मोठा फरक आहे. रंगमंचावर सगळे बसवलेले असते, महिनोन्महिने तालीम झालेली असते. नृत्यगृहात, म्हणजे ‘मिलोंगा’मध्ये, पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे मिठीत येऊन नाचू लागतात. इथे एक जण पुढाकार घेतो तो लीडर. दुसरी ते सुचवणे वाचून पाऊल टाकते ती फॉलोअर. (हा शब्द इन्स्टाग्रामच्या खूप आधीचा आहे. बटण दाबून इथे फॉलोअर होता येत नाही.) परंपरेने पुरुष लीडर आणि स्त्री फॉलोअर अशी वाटणी असली, तरी या भूमिका आहेत, लिंग नव्हे. स्त्रिया लीडर असतात, पुरुष फॉलोअर असतात, काही जोड्या एकाच गाण्यात भूमिका बदलतात. पुढे सोयीसाठी लीडरला ‘तो’ आणि फॉलोअरला ‘ती’ म्हटले आहे, इतकेच.

पावले ठरलेली नाहीत, मग कळते कसे?

हाताने ओढून किंवा ढकलून नव्हे. चांगला लीडर आपल्या छातीची दिशा आणि शरीराचे वजन बदलतो. मिठीमुळे तो बदल समोरच्या शरीराला जाणवतो. फॉलोअर उभी असते ती एका पायावर. दुसरा पाय मोकळा असतो. लीडरच्या छातीने पुढे येण्याचा इरादा दाखवला की तिचा मोकळा पाय मांडीपासून मागे जातो, जमिनीला टेकतो, मग वजन त्या पायावर सरकते आणि दुसरा पाय जवळ येतो. संपले एक पाऊल.

यात तिने ‘काय’ निवडले? मागे जायचे, हे तर त्याने सुचवले. पण पाय किती लांब न्यायचा, जमिनीवरून अलगद सरकवत न्यायचा की थेट ठेवायचा, वजन एकदम टाकायचे की मधात चमचा बुडावा तसे हळूहळू, आणि दुसरा पाय कधी जवळ आणायचा, हे सगळे तिच्या शरीरात घडते. लीडर त्याचा अंदाज बांधू शकतो, ते करू शकत नाही. दोन शरीरे मिठीत असल्याने एक फार महत्त्वाची गोष्ट घडते. तिचे वजन नव्या पायावर स्थिरावल्याशिवाय त्याला पुढचे पाऊल नीट सुचवताच येत नाही. घाई केली तर तोल जातो, दोघांचाही. म्हणजे सुरुवात त्याची असली तरी पाऊल कधी पूर्ण झाले, हे ठरवते ती.

सुचवणे आणि पूर्ण होणे यांच्यातली ही फट सेकंदाच्या काही भागाइतकी असते. फॉलोअरचे सगळे स्वातंत्र्य या फटीत आहे. ऐकायला हे फार थोडे वाटेल. पण साडेतीन मिनिटांच्या गाण्यात अशी शेकडो पावले येतात. शिवाय प्रत्येक पाऊल कसे पडले यावर पुढचे अवलंबून असते. तिने लांब, संथ पाऊल टाकले तर त्यानंतर तुटक, जलद काही सुचवणे लीडरला अवघड जाते आणि चांगल्या लीडरला तसे करावेसेही वाटत नाही. तो तिच्या संथपणातून पुढचे काही शोधतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सगळे त्याच्या डोक्यातून निघाले. प्रत्यक्षात त्याला ते सुचले तिच्या मागच्या पावलावरून.

तिची निवड दिसते कुठे?

सर्वात स्पष्ट दिसते ती ‘पारादा’ या जागी. पारादा म्हणजे थांबा. लीडर फॉलोअरला थांबवतो आणि स्वतःचा पाय तिच्या पायाला लावून ठेवतो. आता तिला तो पाय ओलांडून पलीकडे जायचे आहे. या ओलांडण्याला ‘पासादा’ म्हणतात. टँगोचा अलिखित नियम असा की, ओलांडण्याची वेळ तिची. ती लगेच जाऊ शकते. बुटाच्या टोकाने जमिनीवर छोटे वर्तुळ काढू शकते. आपला पाय त्याच्या पायावरून अलगद वर-खाली फिरवू शकते. किंवा काहीही न करता व्हायोलिनची ओळ संपेपर्यंत नुसती उभी राहू शकते. लीडरने तोपर्यंत वाट पाहायची असते. त्या काही सेकंदांत नाचाची सूत्रे तिच्याकडे असतात आणि हे दोघांनाही ठाऊक असते.

नवशिक्या फॉलोअरला ही जागा सर्वात भीतीदायक वाटते, असे शिकवणारे सांगतात. इतका वेळ ‘सोबत जा’ म्हणून शिकवलेले असते आणि अचानक कोणी काही सुचवतच नाही. बहुतेक जणी घाबरून झटकन पाय ओलांडतात. समोरचा ताटकळत असेल, अशी त्यांना धास्ती असते. खरे तर वाट पाहणाऱ्या लीडरला त्या क्षणी विश्रांती मिळते. पुढे काय करायचे, गर्दीत जागा कुठे आहे, हे बघायला त्याला वेळ मिळतो.

दुसरी जागा आहे ‘मोलिनेते’ची, म्हणजे पवनचक्कीची. लीडर मध्यभागी राहतो आणि फॉलोअर त्याच्याभोवती फिरते. पुढचे पाऊल, बाजूचे, मागचे, पुन्हा बाजूचे, असा तो क्रम असतो. इथे मध्यभागी असलेला माणूस पूर्णपणे तिच्यावर अवलंबून असतो. ती सारख्या अंतरावर राहिली, तर तो एका पायावर गिरकी घेऊ शकतो. तिचे वर्तुळ वेडेवाकडे झाले की त्याचा तोल ढळतो. फेऱ्यातली दोन पावले दुप्पट वेगाने घ्यायची की चारही समान, हे अनेकदा लीडर सुचवतो. पण त्याने स्पष्ट सुचवले नसेल, तर संगीत ऐकून ती ठरवू शकते. तिने वेग घेतला तर त्याला तो वापरावा लागतो. फिरणारी ती, म्हणून फेऱ्यातली ऊर्जाही तिची.

तिसरी जागा ‘ओचो’ची. स्पॅनिशमध्ये ओचो म्हणजे आठ. एका पायावर वळून पाऊल, पुन्हा वळून पाऊल. जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा उमटावा तशी ही हालचाल असते. वळण किती घ्यायचे याचा इशारा लीडर देतो. वळणाला सुरुवात झाल्यावर कंबर आधी फिरवायची की पाय, वळण सगळ्या वेळात पसरायचे की शेवटच्या क्षणी झटक्यात पुरे करायचे, हा रंग मात्र तिचा. दोन वेगवेगळ्या फॉलोअरबरोबर तोच लीडर तेच ओचो करतो, तेव्हा दोन वेगळी नृत्ये दिसतात ती यामुळे.

संगीताशी याचा संबंध काय?

खरे तर सगळा संबंध संगीताशीच आहे. पावलांची सजावट करायला ‘आदोर्नो’ असा शब्द आहे, म्हणजे अलंकार. तो कुठे घालायचा हे पायांना नव्हे, कानाला कळावे लागते.

टँगोचा सुवर्णकाळ साधारण १९३५ ते १९५५ मानला जातो. आजही मिलोंगांमध्ये मुख्यतः त्याच काळातील वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे वाजतात. या काळाच्या सुरुवातीचा एक प्रसंग फॉलोअरच्या कामाबद्दल बरेच काही सांगून जातो. १९३५ च्या अखेरीस हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदात रोदोल्फो बियाजी हा पियानोवादक आला. दारिएन्सो यांचा ठेका धारदार, चाल जलद. वाद्यवृंदाची एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होते, त्यामधल्या रिकाम्या जागेत बियाजी पियानोवर छोट्या, खट्याळ सुरावटी टाकू लागला. मुख्य चाल त्याची नव्हती, ठेकाही त्याचा नव्हता. पण त्या भरावांमुळे वाद्यवृंदाचा चेहरामोहरा बदलला आणि नाचणारी गर्दी दारिएन्सोंकडे वळली. बियाजी १९३८ मध्ये बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला. ती ध्वनिमुद्रणे ऐकताना आज मुख्य सुरांइतकेच कान त्या भरावांकडे जातात.

फॉलोअर नाचात हेच करते. आपल्याकडच्या मैफलीत गायक श्वास घेतो तेव्हा हार्मोनियमवाला सूर धरून ठेवतो, एखादी हरकत हळूच पुढे करतो आणि कधीकधी गायक तीच हरकत उचलून पुढे जातो. या कामाला मराठीत ‘मागे जाणे’ म्हणत नाहीत, ‘साथ’ म्हणतात. टँगोला हा शब्द मिळाला असता तर बरेच गैरसमज टळले असते.

प्रत्येक वाद्यवृंदाची साथ वेगळी. दारिएन्सोंच्या तुटक सुरांवर टाचेचा किंवा टोकाचा छोटा ठोका शोभतो. कार्लोस दी सार्ली यांच्या संथ, भरदार व्हायोलिनवर तोच ठोका कानाला टोचेल. तिथे जमिनीवरून लांब सरकणारा पाय हवा. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या ‘ला युम्बा’सारख्या रचनेत (ध्वनिमुद्रण १९४६) जोरकस ठोका येतो आणि मग वेळ जणू ताणली जाते. तिथे काही न करता वजन धरून ठेवणे, हेच सर्वात कठीण आणि सर्वात परिणामकारक ठरते. लीडर सहसा ठेक्यावर चालत असतो, कारण त्याला गर्दीतून वाट काढायची असते. फॉलोअरला रस्त्याची चिंता तुलनेने कमी. त्यामुळे व्हायोलिन, गायक किंवा बँडोनिऑनची ओढ तिच्या पायांतून येऊ शकते. त्याने ठेका घेतला आणि तिने चाल घेतली, तर जोडीच्या नाचात दोन्ही ऐकू येतात. ‘ऐकू येतात’ हा शब्द इथे चुकून आलेला नाही.

‘काही करू नका’ ही शिकवण आली कुठून?

तिच्यामागे एक खरे कारण आहे. नवशिकी फॉलोअर बहुतेक वेळा अंदाज बांधते. ‘मागच्या वेळी यानंतर ओचो होता, म्हणजे आताही असेल’ असे समजून सुचवण्याआधीच ती वळते. हा सहभाग नव्हे, घोकलेला पाठ आहे. तो मोडण्यासाठी शिक्षक सांगतात, थांबा, वाट पाहा. सल्ला योग्य आहे. अडचण अशी की, पुढचा धडा येतच नाही आणि तात्पुरता नियम कायमचा होतो. वाट पाहायला शिकलेली फॉलोअर वर्षानुवर्षे वाटच पाहत राहते. पूर्ण सैल, काहीच न करणारे शरीर नाचवायला हलके असते, हाही भ्रम आहे. झोपलेल्या मुलाला उचलून पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. प्रतिसादासाठी शरीरात थोडा ताण, स्वतःचा तोल आणि स्वतःची मते लागतात.

इतिहासही थोडा आडवा येतो. सुवर्णकाळात ब्युनोस आयर्सचे तरुण ‘प्रॅक्टिका’मध्ये, म्हणजे केवळ पुरुषांच्या सराव-मेळ्यांत, टँगो शिकत. तिथे नवख्याला आधी फॉलोअर म्हणून नाचावे लागे. ते नीट जमल्यावरच त्याला लीडर होता येई. मुली बहुधा घरात, आई-मावशी-बहिणींकडून शिकत. म्हणजे त्या पिढीच्या लीडरला समोरच्या पायात काय चालते हे स्वतःच्या शरीरातून माहीत होते. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता उलथली, पुढे जमावांवर निर्बंध आले, रॉक-अँड-रोल आला आणि टँगो आक्रसला. १९८३ मध्ये ‘टँगो अर्जेंटिनो’ हा रंगमंचीय कार्यक्रम पॅरिसमध्ये आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गाजला, तेव्हा जगभर पुन्हा टँगोचे वर्ग सुरू झाले. पण आता शिकणे तासाच्या हिशेबाने होते. वर्गात लीडरला आकृत्या शिकवायच्या आणि फॉलोअरने त्या करून दाखवायला मदत करायची, ही पद्धत सोपी पडली. पुरुषांनी आधी फॉलोअर व्हायचे, हा भाग मात्र बहुतेक ठिकाणी गळून गेला. टँगोच्या पुनरुज्जीवनातले हे सर्वात मोठे नुकसान म्हणावे लागेल.

या ताणावर एक अख्खा चित्रपट आहे. ब्रिटिश दिग्दर्शिका सॅली पॉटर यांचा ‘द टँगो लेसन’ (१९९७). त्यात पॉटर स्वतःच्याच नावाची दिग्दर्शिका साकारतात आणि अर्जेंटिनाचे नर्तक पाब्लो व्हेरॉन नर्तकाची भूमिका करतात. सौदा असा की, तो तिला टँगो शिकवेल आणि ती त्याला चित्रपटात घेईल. रंगमंचावरील एका कार्यक्रमानंतर दोघांत कडाक्याचे भांडण होते. तिने फक्त सोबत यायला हवे होते, तिच्या करण्यामुळे आपले स्वातंत्र्य अडले, असे त्याचे म्हणणे. पुढे चित्रपट सुरू होतो तेव्हा पारडे फिरते. आता सूत्रे तिच्याकडे असतात आणि कोणाच्या तरी मागे जाणे त्याला जड जाते. चित्रपटावर टीकाही बरीच झाली. पण फॉलोअरच्या मनातली ही घुसमट इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या चित्रपटात आलेली नाही.

‘टँगो अर्जेंटिनो’तली गाजलेली जोडी हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस यांचीही गोष्ट अशीच. कोपेस नृत्यरचनाकार म्हणून ओळखले गेले. पण जवळपास ५० वर्षे त्यांच्या रचना उभ्या राहिल्या त्या निएवेस यांच्या पायांवर. नाते तुटल्यानंतरही दोघे अनेक वर्षे एकत्र नाचत राहिले. २०१५ च्या ‘अवर लास्ट टँगो’ या माहितीपटात निएवेस बोलतात, तेव्हा कोणाच्या मागे मागे आयुष्य घालवलेल्या बाईचा तो स्वर नाही, हे लगेच कळते.

सजवले म्हणजे सहभाग झाला का?

इथे फॉलोअरच्या बाजूचाही दोष सांगायला हवा. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत पाय सतत काही ना काही करत असतात. ते पाहून अनेक जणी प्रत्येक ठेक्यावर अलंकार घालू लागतात. ओळीमागून ओळ तेच वर्तुळ, तोच ठोका. लीडरने काही सुचवेपर्यंत पाय मोकळाच नसतो. मग तो थांबतो, ती सजवते, तो पुन्हा सुचवतो, ती उशिरा पोहोचते. हा संवाद नाही, दोन माणसांचे एकाच वेळी बोलणे आहे.

साधी कसोटी अशी की, अलंकाराने वजन हलता कामा नये. उभ्या पायावरचा तोल पक्का असेल, तर मोकळ्या पायाने काहीही करावे, लीडरला ते जाणवणारही नाही. तोल कच्चा असेल, तर साधा ठोकासुद्धा त्याच्या खांद्याला धक्का देतो. दुसरी बाब रस्त्याची. मिलोंगामध्ये सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एका रांगेत सरकतात. मागची जोडी येऊन ठेपली असताना पारादावर दहा सेकंद रमणे, किंवा उंच टाच मागे उडवणे, म्हणजे कोणाच्या तरी नडगीला जखम. उलट, गर्दीत फॉलोअरची एक मदत फार मोलाची असते. लीडरच्या पाठीमागचे तिला दिसते. कोणी मागून येत असेल तर त्याच्या पाठीवरचा हात किंचित दाबून ती त्याला थांबवते. बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही.

खरा सहभाग बहुतेक वेळा असाच न दिसणारा असतो. गाण्यात करुण ओळ आली आणि तिने श्वास लांबवला, मिठी किंचित घट्ट केली, वजन उशिरा सोडले. लीडर हळू झाला. त्याला विचारले तर तो सांगेल, गाणे ऐकून मला तसे वाटले. त्याचे म्हणणे चूक नाही, पण गाणे त्याच्यापर्यंत कोणाकडून पोहोचले, हे त्यात येत नाही.

‘नाही’ म्हणणे हाही भाग का?

नाच सुरू होण्याआधीच फॉलोअरची पहिली निवड होते. पारंपरिक मिलोंगामध्ये टेबलापाशी जाऊन कोणी हात पुढे करत नाही. दुरून नजर मिळवायची आणि मान हलवून विचारायचे, ही ‘काबेसेओ’ पद्धत. तिने नजर फिरवली तर विषय संपला, कोणाचा चारचौघांत अपमान नाही. म्हणजे आमंत्रण एकतर्फी नसतेच. तिने आधी तिकडे पाहिलेले असते. सराईत फॉलोअर वाद्यवृंद ऐकून जोडीदार निवडते. पुग्लिएसे याच्याबरोबर, दारिएन्सो त्याच्याबरोबर. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला ‘तांदा’ म्हणतात. तांदा संपल्यावर वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो आणि जोड्या सुटतात. मध्येच ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हटले तर अर्थ इतकाच की, आता पुरे.

मिठी किती जवळची, हे ठरवण्याचा पहिला हक्कही तिचाच मानला जातो. हाताने ओढून पाय हवेत फेकायला लावणारा ‘बोलेओ’ ती अडवू शकते. पाय जमिनीवर ठेवायचा, बस. तिच्या गुडघ्याची आणि कमरेची काळजी शेवटी तिलाच घ्यायची असते. या गोष्टी पूर्वी शिष्टाचार म्हणून गृहीत धरल्या जात, प्रत्येक वेळी पाळल्या जात असत असे नाही. गेल्या दशकात ब्युनोस आयर्समधील टँगोतील स्त्रीवादी गटांनी मिलोंगामधील छळ आणि बळजबरीविरुद्ध उघडपणे नियमांची मागणी केली. क्वीअर टँगोने तर भूमिकांची वाटणीच खुली केली. कोण लीडर, हे आधी विचारायचे, हवे तर गाण्याच्या मध्यावर बदलायचे.

शिकायचे कसे आणि लीडरने काय करायचे?

मुंबई-पुण्यासह भारतातील काही शहरांतही आता टँगोचे वर्ग चालतात आणि मिलोंगा भरतात. तिथे जाणाऱ्यांसाठी जुन्या प्रॅक्टिकाचाच उपाय अजून सर्वात उपयोगी आहे, दोन्ही भूमिका शिकणे. लीडर झालेल्या फॉलोअरला कळते की मोकळी जागा नेमकी कुठे असते. फॉलोअर झालेल्या लीडरला कळते की आपण ती कुठेच ठेवत नव्हतो. घरी भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, स्वयंपाकघरात गाणे लावून फक्त चालणे, एकाच गाण्यात एकदा ठेक्यावर आणि एकदा व्हायोलिनवर पावले टाकून पाहणे, हा सराव दिसायला कंटाळवाणा असला तरी नव्या आकृत्यांपेक्षा जास्त देतो. अलंकार नंतर येतात आणि थोडेच पुरतात.

लीडरचे काम सांगायला सोपे, करायला अवघड. प्रत्येक ठेका भरायचा नाही. एक पाऊल सुचवायचे आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढचे ठरवायचे नाही. ती उशिरा आली तर तिला चूक समजण्याआधी, त्या वेळी वाद्यवृंदात काय वाजत होते ते आठवून पाहायचे. वर्गात आकृत्यांची यादी पाठ करून आलेल्याला हे सर्वात जड जाते. त्याला वाटते, थांबलो तर समोरची कंटाळेल.

बहुतेक टँगो रचनांच्या शेवटी दोन सूर येतात. पहिला ठाम, दुसरा अनेकदा इतका हलका की जेमतेम ऐकू यावा. ब्युनोस आयर्समध्ये त्यांना ‘चान-चान’ म्हणतात. पहिल्यावर लीडर थांबतो. दुसऱ्यावर फॉलोअरचा मोकळा पाय उभ्या पायाजवळ येऊन टेकतो.